शाबुओथ : सप्ताहांचा सण

शाबुओथ या हिब्रू शब्दाचा अर्थ 'सप्ताह'. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून सात सप्ताह मोजावेत आणि पन्नासाव्या दिवशी हा सण पाळावा, अशी यहुदी धर्माची आज्ञा आहे. मुळात हा सुगीचा सण. पॅलेस्टाइनमध्ये वल्हांडणाच्या सुमारास जव कापणीला येतो आणि सात सप्ताहांनी गहू. त्या नव्या गव्हाच्या दोन भाकरी यरुशलेमच्या मंदिरात अर्पण होत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले, अर्पण थांबले, आणि सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा स्मरणदिन हा सणाचा दुसरा अर्थच प्रधान झाला. त्या रात्री जागून ग्रंथपठण करतात. सभास्थानात दहा आज्ञा वाचतात, आणि रूथचे पुस्तकही. रूथ ही परदेशची विधवा. सासूची साथ न सोडता बेथलेहेमास आलेली आणि कापणीमागचा सरवा वेचून दोघींचे पोट भरणारी. घरोघरी त्या दिवशी दुधाचे पदार्थ होतात.

आता आपल्या कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ हरपले, पण सण राहिले, तेही मराठी नावांनी : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. या जुन्या नावांत शाबुओथला मात्र नाव सापडत नाही.

असे का व्हावे? माझ्या मते कारण सणाच्या घडणीतच आहे. उपवास, खीर, बिरडे या गोष्टी घरात आईकडून मुलीकडे जातात. शाबुओथला हवे होते मंदिर, शेत किंवा ग्रंथ. सुगीचा सण तर शेताचाच बांधलेला. कावेरीकाठी पापनाशम येथे नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. त्या मुलखाचा पोंगल तिथल्या भाताबरोबर पौषात येतो. कोकणात भात पिकते आश्विनाच्या सुमारास. वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे ऐन शाबुओथच्या वेळी, कोकणी शेतकरी बियाणे काढून पावसाची वाट पाहत असतो. तेव्हा कसली सुगी? आणि ज्यांच्यापाशी ग्रंथच नव्हता, त्यांनी ग्रंथप्राप्तीचा उत्सव कशाने करावा? 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर उरली होती.

पुढे सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचे पहिले सभास्थान उभारले. कोचीहून शिक्षक आले, एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे छापली गेली. ग्रंथाबरोबर ग्रंथाचा सणही परतला, पण हिब्रू नावानेच. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे शाबुओथ गव्हाच्या कापणीतच येतो.