शाखा कोण निवडते? गिरणीच्या विणकाम खात्यापासून कर्जतच्या खाजगी विद्यापीठापर्यंत

बारावीचा निकाल लागला की नेरळपासून खोपोलीपर्यंत प्रवेशाचे फलक झळकू लागतात. एआय, डेटा सायन्स, बीबीए, डिझाइन, इंजिनिअरिंग. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना जो तो एकच सल्ला देतो : "तुला आवडेल ती शाखा घे." सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण तो अपुरा आहे. या देशात कोणी काय शिकायचे आणि कोणत्या खात्यात काम करायचे हे आवडीवर कधीच ठरले नाही. आधी ते जातीने ठरवले, आता फी ठरवते. हा इतिहास माहीत नसलेला तरुण आपण निवड केली असे समजतो. प्रत्यक्षात त्याच्यासाठी निवड दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते.

हा इतिहास शोधायला लांब जायची गरज नाही. खोपोलीपासून सुरुवात करू.

खोपोलीची वीज आणि गिरणीचे खाते

१९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली आणून वीज तयार झाली आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना गेली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र आले. म्हणजे आजच्या खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत तयार झालेल्या विजेवर मुंबईचे माग फिरले.

त्या मागांवर कोण होते? विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय सांगितले जाई? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण कामगार बाटेल! वीज नवी, यंत्र विलायतेचे, मालक भांडवलदार, आणि खात्याच्या दारावर पहारा मात्र मनूचा. आपल्या माणसांना कमी पगाराच्या खात्यांत काम करावे लागले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला : तुमच्या मागण्यांच्या यादीत विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी का नाही?

मित्रांनो, "खाते" या शब्दाच्या जागी "शाखा" हा शब्द ठेवून बघा. गिरणीचे दार उघडे होते, पण आतल्या कोणत्या दारातून जायचे ते जात ठरवत होती. कॉलेजचे दार आज उघडे आहे. आतल्या दारांचे काय?

बाबासाहेबांनी काय शिकले आणि का

खुद्द बाबासाहेबांची पहिली शाखा त्यांना निवडता आली नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. देशातल्या एका थोर विद्वानाच्या शिक्षणाची सुरुवात विषय नाकारला जाण्यापासून झाली, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

पुढे मात्र प्रत्येक विषय त्यांनी हत्यारासारखा निवडला. १९१२ मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्र आणि कायदा एकाच वेळी सुरू केले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. हाती आली. बॅरिस्टर तर ते झालेच होते.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचेही शिक्षण पैशाअभावी मध्येच थांबले. दुसरी, त्यांनी "यातून मला नोकरी कोणती मिळेल" एवढाच हिशेब केला नाही. समाज कुठे अडवला गेला आहे हे पाहून त्यांनी विषय घेतले. रुपया कसा चालतो हे कळावे म्हणून अर्थशास्त्र, आणि न्यायालयात उभे राहता यावे म्हणून कायदा.

१९४२ चे निवेदन

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगोंना दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नुसत्या कला आणि कायदा शाखेच्या शिक्षणाने अनुसूचित जातींचे फार भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. पण ते शिक्षण आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणूनच एवढी मुले कला आणि कायद्याकडे वळतात.

हे दुसरे वाक्य बहुतेक जण विसरतात. आपली मुले एखाद्या शाखेत गर्दी करतात तेव्हा लोक म्हणतात, "यांना गणित जमत नाही, यांचा कल नाही." बाबासाहेबांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले की हा कलाचा प्रश्न नाही, खिशाचा आहे. आणि खिशाचा प्रश्न उपदेशाने सुटत नाही. म्हणून त्यांनी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी वेगळी रक्कम मागितली, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग आमच्या मुलांना का नाही, हा त्यांचा सवाल होता. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद त्यांनी मिळवली. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्याच लढ्याची कमाई आहे. आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो त्याचे मूळ तिथे आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही.

बाबासाहेब मागणी करून थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला आजचे मिलिंद महाविद्यालय, १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय. हीसुद्धा खाजगी संस्थाच होती. म्हणजे "खाजगी" हा शब्द आपोआप वाईट ठरत नाही. संस्था कुणासाठी उघडली आणि दारावर कोणती अट लावली, हा खरा प्रश्न.

रसायनीत काय बदलले

पुन्हा खालापूर तालुक्यात येऊ. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना रसायनीला उभा राहिला. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे भरतीत आरक्षण. आयटीआय किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलाला तिथे निदान अर्ज करण्याची हक्काची जागा होती. शाखा आणि नोकरी यांच्यामध्ये संविधान उभे होते. २०१७ मध्ये केंद्राने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आज त्याच एचओसी वसाहतीत पिल्लई समूहाचे शैक्षणिक संकुल आहे. कॉलेज आले याचे दुःख नाही. पण आरक्षणाची नोकरी गेली आणि फीचे शिक्षण उरले, हा बदल डोळ्यांआड करता येणार नाही.

दुसरीकडे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. देणग्यांचा बाजार एवढा माजला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी आरक्षणाचा कायदा केला. त्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्था मात्र कलम १५(५) मधून वगळलेल्या आहेत.

कर्जतमधली दोन प्रकारची दारे

आज कर्जतला कोकण ज्ञानपीठचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, खालापुरात कुंभिवलीला विश्वनिकेतन आहे. हा झाला पहिला प्रकार : विद्यापीठाशी संलग्न, विनाअनुदानित. दुसरा प्रकार म्हणजे जामरुंगचे विजयभूमी विद्यापीठ किंवा कुशिवलीचे युनिव्हर्सल एआय विद्यापीठ. ही स्वतःची पदवी देणारी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे.

पालकांना दोन्ही "प्रायव्हेट" वाटतात. फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारात सीईटी आणि कॅपमधून प्रवेश होतो, फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि अनुसूचित जातीच्या मुलाला शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळू शकते. त्याच कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हा आधार जातो. दुसऱ्या प्रकारात प्रवेशाची, फीची आणि सवलतीची रचनाच वेगळी आहे.

याचा परिणाम काय? जिथे शिष्यवृत्तीचा आधार आहे त्या ठरावीक शाखांकडे आपली मुले ढकलली जातात आणि त्यालाच "आवड" म्हटले जाते. डिझाइन, व्यवस्थापन, एआय अशा नव्या शाखा गावाच्या हद्दीत येऊनही शेजारच्या बौद्धवाडीला आणि ठाकूरवाडीला परक्या राहतात. १९४२ च्या निवेदनातली शाखांची नावे बदला, बाकी मजकूर आजही लागू पडतो.

कोणी म्हणेल, "त्यांचे पैसे, त्यांचे विद्यापीठ." पदवी देण्याचा अधिकार पैशाने मिळत नाही, विधिमंडळाच्या कायद्याने मिळतो. जे विधिमंडळ तो अधिकार देते त्यालाच कलम १५(५) ने आरक्षणाचाही अधिकार दिला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनेही खाजगी उच्चशिक्षण संस्थांत आरक्षणासाठी कायदा करावा अशी शिफारस केली. मागणी रास्त आहे, रेटा कमी पडतो आहे.

आपल्यातले काही जण म्हणतील, "बाबासाहेबांनी विज्ञान-तंत्रज्ञान सांगितले, मग सगळ्यांनी इंजिनिअर व्हावे." हेही अर्धेच वाचन आहे. त्यांनीच पुढे वाणिज्य आणि विधी महाविद्यालये काढली. समाजाला कुठे माणूस कमी पडतो ते बघा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती ठाकर आदिवासींची वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हती. यादी करणारे भूवैज्ञानिक, नियोजनकार, अधिकारी यांच्यात वाडीवस्तीतून आलेले किती? भूगर्भशास्त्र, नगररचना, जमीन महसुलाचा कायदा, सांख्यिकी यांचे फलक चौकात लागत नाहीत. आपल्याला त्या माणसांची गरज आहे.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

१. संस्था संलग्न कॉलेज आहे, खाजगी विद्यापीठ आहे की अल्पसंख्याक दर्जाची?

२. माझा प्रवेश कॅपमधून आहे की संस्थेच्या कोट्यातून?

३. या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप लागू आहे का? उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नका.

४. विद्यापीठ खाजगी असेल तर त्याच्या कायद्यात आरक्षणाचे कलम काय म्हणते?

५. सर्व वर्षांची फी, वसतिगृह आणि परीक्षा शुल्क धरून एकूण किती? दुसऱ्या वर्षी पैसा थांबला तर काय?

६. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का?

कार्यकर्त्यांनो, हे काम एप्रिल-मे महिन्यातच विहाराविहारात झाले पाहिजे. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेला जातो त्यातला थोडा भाग अर्ज, वैधता प्रमाणपत्र आणि सीईटीच्या मार्गदर्शनावर खर्च करा. आदिवासी वाड्यांना सोबत घ्या. आणि खाजगी विद्यापीठांत आरक्षण व पूर्ण शुल्क प्रतिपूर्ती मिळावी यासाठी कर्जत आणि खालापूरच्या तहसीलवर निवेदने घेऊन चला. बाबासाहेब मजूर मंत्री असूनही त्यांना निवेदन द्यावे लागले होते. आपल्याला ते द्यायला लाज कसली?

गिरणीतले विणकाम खाते मागितल्याशिवाय उघडत नव्हते. विद्यापीठातली शाखाही उघडणार नाही. शिका, पण काय शिकायचे ते आपण ठरवू.

जय भीम!