खापरीची साक्ष

उपनगरांतील गावठाणांत जुन्या घराचा पाया उकरला की चिनी मातीच्या खापऱ्या हाती लागतात. त्या घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, ‘फादर, ही पोर्तुगीजांच्या वेळची ना?’ प्राचीनतेची ओढ स्वाभाविक आहे. परंतु इतिहास ओढीवर नव्हे, पुराव्यावर उभा राहतो.

साष्टी बेट 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकले आणि 1774 च्या अखेरीस ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. अंधेरीच्या मरोळ भागातील 1579 चे ख्रिस्तमंदिर 1840 च्या सुमारास ओस पडले. इंग्रजी भांड्यांवरील चौकटीच्या एक्क्यासारखा नोंदणीचा शिक्का मात्र 1842 ते 1883 या काळातला. तेव्हा अशा शिक्क्याची खापरी त्या भिंतींलगत सापडली, तरी तेथील उपासकांशी तिचा संबंध जोडता येणार नाही.

काळाइतकाच महत्त्वाचा प्रश्न उपयोगाचा. काठाच्या वळणावरून भांड्याचा घेर काढता येतो. आतल्या झिलईवर सुरीचे बारीक ओरखडे असतील, तर ते ताट होय. जाड, तपकिरी, घट्ट भाजलेल्या मातीची बाटली अनेकांना मद्याची वाटते. परंतु तिच्या तोंडाला ओतण्यासाठी लहानशी चोच असेल आणि अंगावर डेन्बी येथील बोर्न कारखान्याचा शिक्का असेल, तर ती बहुधा शाईची. चोच दौतीत शाई ओतण्यासाठी.

आमचे पूर्वज केवळ शेतकरी, कोळी वा ताडी काढणारे होते, असे आपण सहज म्हणतो. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली; कारकुनीच्या वाटा रुंदावल्या. 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव समाजाने स्वीकारले, त्यामागेही सरकारी नोकरीतील हक्काचा विचार होता. त्या लेखणीची आठवण या बाटलीत असू शकेल.

‘असू शकेल’ असेच आम्ही म्हणतो. रिकामी बाटली तेला-शिरक्यासाठीही घरात येई. ती येथे शाईसाठी आली की रिकामी होऊन, हे सोबतच्या वस्तूच सांगतील: टाकाचे टोक, दौतीचा तुकडा, पाटीची कपरी. म्हणून वाचकहो, घर पाडण्यापूर्वी एवढे करा. खापरी कोठे, किती खोल, कशाजवळ मिळाली, ते लिहून ठेवा. मलब्याच्या गाडीत एकदा सारे मिसळले, की साक्षीदार उरतो, साक्ष उरत नाही.