पाच मोहरांचा लसूण

बुटांवरचा बर्फ दारातच झटका आणि पटकन आत या, बाहेर हाडं गोठतायत. विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा, १९७४ चा हिवाळा. आत मात्र इतकं उकडतंय की तुम्ही आल्या आल्या स्वेटर काढता. सिगारेटच्या धुराने डोळे चुरचुरतात. तळघराचं दार कुणीतरी उघडं ठेवलंय, तिथून कातड्याचा उग्र वास वर येतो. घरमालक गॅरी गायगॅक्स खाली लोकांचे बूट दुरुस्त करतात. त्याच हातांनी लिहिलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ नुकताच छापून आलाय. लाकडासारख्या नक्षीचं खोकं, आत तीन पातळ पुस्तिका.

खुर्च्या भरल्यात, जमिनीवर बसा. गॅरी दिसत नाहीत ना? फायलींच्या कपाटाचे खण बाहेर ओढून ते त्यांच्याआड बसलेत. तुम्हाला फक्त त्यांचा आवाज ऐकू येणार; तो सांगेल तिथे मनाने पोहोचायचं, हाच हा खेळ. हातात फासा घ्या. वीस बाजू आहेत, पण आकडे शून्य ते नऊच, दोन-दोनदा. म्हणून निम्म्या बाजू रंगीत खडूने रंगवल्यात. प्लॅस्टिक इतकं मऊ की कोपरे आत्ताच गोल झालेत.

“ग्रेहॉक शहराची वेस,” कपाटामागून आवाज येतो.

झालं. गालिचा संपला, पायाखाली चिखल आला. ओल्या लोकरीचा, घोड्यांच्या लिदेचा आणि जळक्या चरबीचा वास एकदम अंगावर येतो. मागून कुणाच्या तरी ढालीची कड बरगडीत बसते. पुढे जा, थांबलात तर तुडवले जाल. डावीकडे ‘ग्रीन ड्रॅगन’ खानावळ, आत हास्याचा गडगडाट, पण तिथे नंतर. आधी बाजार. थैलीतल्या मोहरा आत्ताच मोजून घ्या, तीन फाशांची बेरीज गुणिले दहा.

पन्नास फूट दोर एक मोहर. सहा मशाली एक मोहर. दहा फुटी काठी एक मोहर, आणि ती घ्याच, कारण तिने पुढची फरशी ठोकून पाहिली की खड्डा तुमच्याऐवजी काठीला सापडतो. तेलाची कुपी दोन. आणि लसूण? पाच मोहरा! चिमूटभर लसणासाठी पाच दोरांचे पैसे. तुम्ही हुज्जत घालता, दुकानदार तुमच्या मानेकडे बघतो, म्हणतो, “खाली रक्तपिपासू फिरतायत.” तुम्ही मुकाट पैसे मोजता.

या गावात सगळंच महाग, कारण गावाखालच्या भुयारांतून सोनं वर येतं आणि ते खिशात घेऊन माणसं थेट या गल्लीत शिरतात. सोन्याच्या खाणी सापडल्या की आसपासच्या दुकानदारांचे भाव असेच चढतात. मला हे शहर आवडतं ते यासाठी. आधी राजवंश, मग नकाशा, मग माणसं, असं ते वसलंच नाही. सुरुवातीला होतं ते फक्त भुयार. खेळाच्या पहिल्या रात्री गॅरींची दोन मुलं, एर्नी आणि एलिस, त्यात उतरली. विंचू, गोमा मारल्या आणि पेटी उघडली तर तीन हजार तांब्याची नाणी! नियमांतल्या वजनांच्या हिशोबाने दहा नाण्यांचं वजन साधारण एक पौंड. म्हणजे जवळजवळ एकशे छत्तीस किलो, आणि किंमत जेमतेम साठ मोहरा. पोरं हिरमुसली. पुढच्या काही रात्रींत बाकीचे खेळाडू आले, खरोखरचा खजिना वर येऊ लागला, आणि तो विकायला, उडवायला, जखमा बऱ्या करायला जागा लागली. गॅरींनी आलेखाच्या कागदावर रंगीत चौकोन काढले. शहर त्यातून उभं राहिलं.

अहो, रेंगाळू नका, तबेलेवाला खोळंबलाय. खेचराच्या वीस मोहरा सांगतोय. खेचराच्या तोंडातून आंबूस वाफ येतेय, एक कान फाटका. तुमच्याकडे उरल्यात चौदा. शेजारचा गडी तुमच्या कानाशी कुजबुजतो, “सहा मी घालतो, पण लुटीत निम्मा वाटा.” तबेलेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतोय.

“बोला लवकर,” कपाटामागचा आवाज म्हणतो.

निम्मा नाही, तिसरा हिस्सा म्हणा. तो घासाघीस करेल, करू दे.