धुराचा ताप : हमामखान्यापासून तांबट आळीपर्यंत

इतिहासाच्या पुस्तकांत तोफा, तह आणि तख्त यांच्या नोंदी सापडतात. सामान्य माणसाचं आंघोळीचं पाणी कशावर तापत होतं, हे त्यांत सहसा सापडत नाही. ते भाषेत सापडतं. ‘हमाम’ हा शब्द अरबी, फारसीमार्गे दख्खनमध्ये आलेला. ‘बंब’ हा पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, त्याचा मूळ अर्थ पंप. म्हणूनच आग विझवणाऱ्या गाडीला आपण आगीचा बंब म्हणतो आणि पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतो.

हमाम आणि बंब या दोघांपुढे प्रश्न एकच होता. लाकूड जाळलं की उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो. त्यातला किती काढून घ्यायचा आणि किती सोडायचा? कमी काढला तर लाकूड आभाळासाठी जाळल्यासारखं होतं. फार काढला तर धूर थंड पडतो, वर चढत नाही, घरात पसरतो आणि नळीत डांबरासारखा चिकट थर साठतो. तो साठलेला थर कधी पेटला तर नळीतच आग लागते.

हमामवाल्यांनी याचं उत्तर जमिनीखाली शोधलं. इराणी हमामात भट्टीचा धूर थेट वर न सोडता फरशीखालच्या बोळांतून फिरवत आणि मग भिंतीतल्या धुराड्यांतून बाहेर काढत. या बोळांना फारसीत ‘गुर्बा-रौ’, म्हणजे मांजराची वाट म्हणतात. भट्टीची जागा म्हणजे ‘गुलखन’. हमामाची ही परंपरा दख्खनमध्येही रुजली. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आजही पाहता येतो. पुढे पेशवाईच्या वाड्यांतही न्हाणीघराला हमामखाना म्हणत. शब्द बदलावा असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

मात्र हमाम ही दरबाराची किंवा शहराची सोय होती. घराघरात गरम पाणी पोचवलं ते बंबानं. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी त्याचं माहेर. कोकणातून आलेले तांबट पेशवाईत इथे स्थिरावले आणि तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, घागरी, बंब घडवू लागले. बंबाची रचना साधी पण हुशार आहे. खाली जाळी, तिच्यावर ढलप्या, गोवऱ्या किंवा नारळाची सोडणं, मधून उभी नळी आणि नळीभोवती पाणी. हमामात धूर फरशी तापवत जातो, इथे तो पाणी तापवत जातो.

पण यातच बंबाची अडचणही आहे. नळीच्या बाहेर पाणी असल्यानं तिचं तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. लाकडाच्या धुरातलं डांबर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागतं. म्हणून सरपण ओलं असेल तर नळी लवकर चोंदते आणि ती वरचेवर खरवडावी लागते. उलट बंब रिकामा पेटवला तर तांब्याला थंड ठेवणारं पाणीच नसतं. शिसं-कथलाचा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो आणि सांधे सुटतात. ‘आधी पाणी, मग विस्तव’ या घरगुती शिस्तीमागे हे गणित आहे.

हे गणित घरातल्या बायका थर्मामीटरशिवाय सांभाळत. पांढरा, दाट धूर म्हणजे सरपण ओलं किंवा आग मंद. काळा धूर म्हणजे हवा कमी. नळीच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसली तर जाळ बरोबर. भाकरीचा तवा तापला का हे पाण्याच्या शिंतोड्यावरून ओळखायचीही हीच रीत. थेंब नुसता वाफ होऊन जातो की गोळी होऊन नाचतो, यात तापमानाचा फरक दडलेला असतो. या नाचणाऱ्या थेंबाचा अभ्यास योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली प्रसिद्ध केला. १७८२ मध्ये इंग्लंडचा कुंभार जोसाया वेजवूड यानं भट्टीत मातीचा तुकडा किती आकसतो यावरून ताप मोजायची युक्ती मांडली. त्यांचा अनुभव कागदावर उतरला, आपल्या न्हाणीघरातला उतरला नाही.

याची किंमत पुढे मोजावी लागली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७च्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि २००२ मध्ये तो आवरला. महाराष्ट्रात त्याचं तांत्रिक काम पाहणाऱ्यांत पुण्याची ‘आरती’ ही संस्था होती. देशभरात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या, पण कितीतरी काही वर्षांतच मोडल्या किंवा अडगळीत गेल्या. सरकारी हिशेब बसवलेल्या चुलींचा होता. धुराडं ओढतं का, ते कुणी साफ करतं का, हा हिशेब घरातच राहिला. ज्या बाईला धुराची भाषा येत होती, तिला आराखड्याच्या वेळी क्वचितच विचारलं गेलं.

पुण्याच्या घरांत आता गिझर आहेत. बंब जुन्या बाजारात किंवा हॉटेलच्या दारात शोभेला दिसतो. पण जिल्ह्यातल्या गावांत हिवाळ्याच्या पहाटे तो अजून पेटतो आणि त्याचा धूर कुणाच्या तरी छातीत जातो. आज धुराड्याच्या पत्र्यावर चिकटवायची चुंबकी तबकडी मिळते. दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि काटा फिरतो. साधारण १२०च्या खाली ‘थंड’, २५०च्या वर ‘फार गरम’. मात्र ती पत्र्याचा ताप दाखवते, आतला धूर त्याहून बराच गरम असतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

तबकडी नसली तरी नजर आहेच. सरपण वर्षभर आधी फोडून वाळवावं, सुरुवातीला हवा मोकळी ठेवावी, नळी दर काही दिवसांनी खरवडावी आणि बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. धुमसत्या विस्तवाचा वायू दिसत नाही, पण जीव घेतो.

हमाम कुणाचा, वाडा कुणाचा, बंब कुणाचा यावर भांडणं सोपं आहे. अरबी शब्द, पोर्तुगीज शब्द, कोकणातून आलेले तांबट आणि पहाटे उठून फुंकर घालणारी बाई, एवढे सगळे मिळून पुण्याचं पाणी तापत होतं. यातल्या शेवटच्या व्यक्तीचं नाव कुठल्याच बखरीत नाही. तिच्या छातीत गेलेल्या धुराचा हिशेब मांडणं, हेही इतिहासाचंच काम आहे.