झडप सारखी, कुळे वेगळी

जमिनीत बीळ खणायचे, त्याला आतून रेशमाचे अस्तर द्यायचे आणि तोंडावर बिजागरीने उघडणारी झडप बसवायची. असे घर करणारे कोळी दक्षिण अमेरिकेत आहेत, भूमध्य समुद्राकाठी आहेत आणि आपल्याकडेही आहेत. मग ते सगळे एकाच कुलातले मानायचे का?

१८१७ साली स्पिक्स आणि मार्टियस हे दोन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ब्राझीलला गेले व १८२० मध्ये प्रचंड संग्रह घेऊन म्युनिकला परतले. प्राण्यांची बाजू पाहणारा स्पिक्स १८२६ मध्ये वारला. संग्रहातील कीटक-कोळ्यांचे वर्णन मॅक्सिमिलियन पर्टीने केले. तो मोहिमेत नव्हता. त्याच्यापुढे कोळी होते, त्यांची बिळे नव्हती. १८३३ मध्ये त्याने ॲक्टिनोपस आणि आयडिऑप्स अशा दोन प्रजाती वेगळ्या केल्या. दोघींचेही कोळी झडपा करणारे! पण ॲक्टिनोपसचे आठ डोळे डोक्याच्या पुढच्या भागावर ऐसपैस पसरलेले, तर आयडिऑप्सचे दोन डोळे अगदी पुढे जबड्यांच्या कडेला आणि उरलेले सहा बरेच मागे. आयडिऑप्स म्हणजे 'विलक्षण डोळ्यांचा'. नाव चपखल आहे.

पुढे मात्र आयडिऑप्स आणि तिच्या जवळच्या प्रजाती इतर अनेक झडपवाल्यांबरोबर टेनिझिडी या एका मोठ्या कुलात गेल्या. झडप आणि माती खणायला जबड्यांवर असलेले काटे हे समान दिसत होते ना! पण ही धंद्याची हत्यारे झाली. करवत हाती दिसली म्हणून सगळे सुतार भाऊ ठरत नाहीत. १९८५ मध्ये रॉबर्ट रेव्हन यांनी शरीराची अनेक लक्षणे एकत्र तपासून हे कुल फोडले आणि आयडिऑपिडी हे स्वतंत्र कुल मानले. २०१८ मध्ये, डीएनएच्या आधारे, टेनिझिडीतून आणखी एक कुल बाहेर पडले.

जाती ठरवणे त्याहून किचकट. मादी जन्मभर बिळात राहते. प्रौढ नर बीळ सोडून तिच्या शोधात हिंडतो आणि दिसायलाही वेगळा असतो. नराची जात त्याच्या तोंडाशेजारच्या पायासारख्या अवयवांच्या टोकाशी असलेल्या शुक्र भरून घेणाऱ्या फुग्यावरून ओळखतात, मादीची पोटातील शुक्रकोशांवरून. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळवून पाहता येत नाहीत! त्यामुळे कित्येक जाती फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून नोंदल्या गेल्या. जोडी लावायची तर दोघे एकाच ठिकाणी सापडावे लागतात, किंवा डीएनए ताडून पाहावा लागतो. ॲक्टिनोपसची अशी कसून फेरतपासणी अर्जेंटिनात २०१८ मध्ये आणि ब्राझीलसह इतरत्र २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

२००५ मध्ये भारतीय अभ्यासकांनी आयडिऑप्स बॉम्बेयेन्सिस ही जाती नोंदवली. मुंबईच्या नावाच्या या कोळ्याचे 'आडनाव' मात्र ब्राझीलचे. नामकरणाच्या नियमानुसार आयडिऑप्स हे नाव पर्टीच्या आयडिऑप्स फुस्कस या ब्राझीलमधील जातीला बांधलेले आहे. उद्या भारतीय कोळी तिच्यापासून दूरचे निघाले, तर नाव ब्राझीलकडे राहील आणि नवे नाव आपल्या कोळ्यांना शोधावे लागेल.