'जिमी जिमी'चे फ्रेंच माहेर

फ्रेंच गाणे म्हटले की आपल्याकडे एदित पियाफ, शार्ल अझ्नावूर ही नावे घेतली जातात. ठाणे-डोंबिवलीकडे फ्रेंच ओळखीची ती बहुधा अकरावी-बारावीत चांगले गुण देणारा विषय म्हणून. तरी माझ्या पिढीने एक फ्रेंच चाल गणपतीच्या मंडपात, ऑर्केस्ट्रात आणि वरातीत शेकडो वेळा ऐकली आहे. ती फ्रेंच आहे, एवढेच कोणी सांगितले नव्हते.

ही चाल 'जिमी जिमी जिमी आजा'ची. चित्रपट 'डिस्को डान्सर' (१९८२), गायिका पार्वती खान, गीतकार अंजान, संगीतकार बप्पी लाहिरी. दोनच वर्षे आधी, १९८० मध्ये, 'ओतावान' या फ्रेंच जोडीने 'ते ओके' हे गाणे काढले होते. ते रचले डॅनियल व्हँगार्ड आणि जाँ क्लुगर यांनी. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की वेगळा पुरावा लागत नाही. मी ती कल्याण-डोंबिवलीतल्या मित्रांना अशीच ऐकवतो. पहिल्या काही सेकंदांतच माना डोलू लागतात.

'घायल' (१९९०) मधल्या 'सोचना क्या'चे मूळही पॅरिसकडेच जाते, पण तिथे थांबत नाही. 'काओमा' या फ्रेंच गटाचे 'लांबाडा' (१९८९) हे त्याचे उगमस्थान. पण लांबाडाची चाल बोलिव्हियातल्या 'लोस कयार्कास'च्या १९८१ मधल्या गाण्याची. मूळ रचनाकार हर्मोसा बंधूंनी दावा लावला आणि आपला हक्क मिळवला. म्हणजे उसनवारी करणारे एकटे आपणच नव्हतो.

याला सरसकट चोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतात. 'संगीत सौभद्र' १८८२ चे, 'डिस्को डान्सर'च्या बरोबर शंभर वर्षे आधीचे. आपल्या नाट्यपदांनीही चाली इकडून तिकडून घेतल्या. पण छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असे. घेणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नसे आणि वाचणाऱ्याला मूळ सापडे. शंभर वर्षांत चाली घेणे चालूच राहिले. गळाली ती ही एक ओळ. तिच्याबरोबर व्हँगार्ड, क्लुगर आणि हर्मोसा बंधूंची नावेही आपल्या कानांपासून दूर राहिली.

आता मित्रांना गाण्यांची यादी देताना मी ती ओळ पुन्हा लिहितो. 'जिमी जिमी', आणि खाली: चाल – 'ते ओके'.