ठिपक्यांचा हिशेब

चित्र छापणें म्हणजे एका अर्थीं डोळ्यास फसविणें होय. चित्रकाराच्या कुंचल्यांतून फिकट व गडद छटा अखंड उतरतात. छापील शाईस मात्र दोनच गोष्टी ठाऊक असतात, कागदावर लागणें किंवा न लागणें. या दोहोंमधून मधल्या छटा कशा उत्पन्न कराव्या, हाच रंगीत छपाईचा मूळ प्रश्न आहे. आज वाशिमच्या बाजारांत घरासाठीं रंगीत प्रिंटर घेऊं पाहणाऱ्या कुटुंबासमोर, खोक्यावरील आंकड्याच्या रूपानें, तोच प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचें जुनें उत्तर शिळाछापानें दिलें. पुण्यास १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चित्रशाळा काढली. १८९४ मध्यें राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईंत सुरू झाला व १८९९ मध्यें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा असे, आणि कारागीर तिच्यावर हातानें बारीक ठिपके देत. लक्ष्मीच्या व सरस्वतीच्या मुखावरील नाजूक छटा म्हणजे अशा असंख्य ठिपक्यांची दाटी होय. त्या ठिपक्यांचा आंकडा कोणत्याही चित्रावर छापलेला नसे. परीक्षा डोळ्यांनींच होई.

पुढें हाताच्या ठिपक्यांची जागा हाफटोनच्या ठिपक्यांनीं घेतली. सूक्ष्म आडव्या-उभ्या रेघांच्या कांचेच्या जाळींतून छायाचित्र घेतलें, कीं गडद भागीं मोठे व फिकट भागीं लहान ठिपके उमटतात. दादासाहेब फाळके हे या विद्येचे जाणकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्यें पडद्यावर आला. तत्पूर्वीं त्यांनीं रविवर्मा छापखान्यासाठीं काम केलें होतें, स्वतःचा छापखाना चालविला होता आणि रंगीत छपाईच्या कामासाठीं १९०९ मध्यें जर्मनीचा प्रवासही केला होता.

या धंद्यांत जाळीची निवड कागद पाहून होई. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास इंचाला ६५ ते ८५ ओळींची जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरास १३३ ते १५० ओळींची चाले. बारीक जाळी खरबरीत कागदावर वापरली, तर शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळत व चित्र काळवंडे. अर्थात् मोठा आंकडा म्हणजे चांगलें चित्र, हा नियम तेव्हांही खरा नव्हता.

आजच्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर ‘४८०० × १२०० डीपीआय’ असें लिहिलेलें आढळतें. हे आंकडे चित्राचे नसून थेंब टाकण्याच्या जागांचे आहेत. पहिला आंकडा शाईचें मुंडकें ज्या दिशेनें धांवतें त्या दिशेचा, दुसरा कागद सरकण्याच्या दिशेचा. एका इंचाचा ४८०० वा भाग सुमारें ५ मायक्रॉन भरतो. उलट दोन पिकोलिटर शाईचा इवलासा थेंब हवेंतच सुमारें १६ मायक्रॉन रुंद असतो व कागदावर पडून आणखी पसरतो. तेव्हां शेजारचे थेंब परस्परांवर चढणारच. त्या जागा वेगळ्या दिसत नाहींत.

शिवाय एक छटा एका थेंबानें होत नाहीं. ढोबळ मानानें, इंचाला ६०० ठिपके देणाऱ्या यंत्रांत आठ बाय आठ जागांची एक चौकट धरली, तर कोरी ते पूर्ण भरलेली अशा ६५ पायऱ्या मिळतात; पण इंचांत चौकटी मात्र ७५ च राहतात, म्हणजे जवळजवळ वर्तमानपत्राची जाळी! आधुनिक यंत्रें लहानमोठे थेंब व फिकट शाई वापरून आणि ठिपके चतुराईनें विखरून यांतून वाट काढतात. ती कला खोक्यावरील आंकड्यांत दिसत नाहीं.

म्हणून वाशिमच्या बालाजी मंदिराचें छायाचित्र किंवा आजोबांची जुनी तसबीर घरीं छापूं इच्छिणाऱ्यानें आपलेंच चित्र दुकानांत नेऊन साध्या व फोटोच्या, अशा दोन्ही कागदांवर छापून पाहावें. मूळ चित्रांतही पुरेसा तपशील हवा. दहा बाय आठ इंचांच्या प्रतीस इंचाला ३०० या हिशेबानें ३००० × २४०० बिंदू लागतात. तेवढे नसतील, तर यंत्राचे ४८०० ते निर्माण करूं शकत नाहींत. आंकड्यासाठीं मोजलेले जादा पैसे पुष्कळदां चांगल्या कागदावर खर्चिले असतां अधिक फळ देतात. यंत्रें बदललीं, तरी शेवटचा निवाडा रविवर्म्यांच्या काळाप्रमाणें आजही डोळ्यांनींच करावयाचा असतो.